बिघाड कोठे आहे?

संध्याकाळी घरातला दिवा लागला नाही, तर तुम्ही काय करता? आधी शेजारच्या खोलीतला दिवा लावून पाहता. तोही लागला नाही, तर दारात येऊन समोरच्या घरात उजेड आहे का ते बघता. समोर उजेड असेल तर बिघाड आपल्या घरात आहे. सारी गल्ली अंधारात असेल तर तो बाहेर कोठे तरी आहे. एवढे कळायला कोणी विजेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागत नाही. आणि दिवा लागला नाही म्हणून बल्ब, होल्डर, फ्यूज, वायर आणि मीटर ही सारी एकदम बदलणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

मौज अशी, की हाच शहाणा माणूस संगणकापुढे बसला की आपले शहाणपण विसरतो. एखादी गोष्ट चालेनाशी झाली की तो समोर दिसेल ते बटण दाबतो, पाच ठिकाणी पाच बदल करतो, आणि शेवटी "आपल्याला यातले काही जमत नाही" असे म्हणून हात टेकतो. आज मला तुमच्याशी या हात टेकण्याविषयीच बोलायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : बिघाड दुरुस्त करण्याआधी तो *कोठे* आहे हे सांगता आले पाहिजे. ही विद्या शिकवण्याजोगी आहे, आणि आपण ती शाळा-महाविद्यालयांत जवळजवळ शिकवतच नाही.

निमोण्याचा पाऊस

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या महाविद्यालयात अकरावीला शिकणारा एक मुलगा शिरूर तालुक्यातल्या निमोण्याहून येतो. पुणे जिल्हा हा पावसाच्या बाबतीत मोठा चमत्कारिक जिल्हा आहे. पश्चिमेला लोणावळ्याला पाऊस धो धो कोसळतो, आणि पूर्वेला शिरूर-दौंडकडे लोक ढगांकडे डोळे लावून बसतात. जेथे पाऊस थोडा, तेथे त्याचा हिशेब मोठा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका एकरावर ते चार हजार लिटरांहून अधिक भरते. या मुलाने घराच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला होता आणि तो रोज सकाळी नोंद करीत असे. पुढे त्याने एका जुन्या संगणकावर स्वतःच्या हाताने एक छोटे संकेतस्थळ तयार केले : आजचा पाऊस, आठवड्याचा पाऊस, आणि एक आलेख. गावात कोणालाही आपल्या फोनवर हा आकडा बघता यावा, अशी त्याची इच्छा होती.

घरात सारे ठीक दिसे. पुण्याला राहणाऱ्या मामाच्या फोनवर मात्र पान उघडेना. आठ दिवस मुलाने झटापट केली. इंटरनेटवरच्या तीन चित्रफिती पाहिल्या. एकीत सांगितले होते, अमुक करा. दुसरीत, तमुक करा. तिसरीत, फायरवॉल सरळ बंदच करून टाका. त्याने तिन्ही सल्ले एकाच संध्याकाळी अमलात आणले, राउटर तीनदा मूळ स्थितीला नेला, आणि अखेरीस घरातले इंटरनेटच बंद पडले. वडील रागावले. दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मला नेटवर्किंग जमत नाही. मी ते सोडून देतो."

मी त्याला म्हटले, "सोडायचे तर सोड. पण आधी मला एवढे सांग, तुझे पान कोठपर्यंत पोचते आणि कोठे थांबते?"

तो गप्प राहिला. आठ दिवसांत हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नव्हता.

वाड्याची देवडी

हा प्रश्न समजण्यासाठी घरातले जाळे कसे चालते ते पाहायला हवे. जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. रस्त्यावर एकच मोठे दार, टपालासाठी एकच पत्ता, आणि आत दहा बिऱ्हाडे. आतल्या खोल्यांना क्रमांक आहेत, पण ते फक्त वाड्यातल्यांना ठाऊक. दारात देवडीवर एक माणूस बसलेला आहे. तो म्हणजे आपला राउटर. वाड्याचा टपालाचा पत्ता म्हणजे बाहेरचा, सार्वजनिक आयपी पत्ता. आणि खोल्यांचे क्रमांक म्हणजे १९२.१६८.१.५ यासारखे आतले, खासगी पत्ते. असे खासगी पत्ते लाखो घरांत तेच ते असतात. जसा "खोली क्रमांक ५" प्रत्येक वाड्यात असतो.

आतून कोणी पत्र पाठवले, की देवडीवाला ते वाड्याच्या पत्त्यावरून रवाना करतो आणि आपल्या वहीत टिपून ठेवतो : हे पत्र पाचव्या खोलीतून गेले. उत्तर आले की वही बघून ते पाचव्या खोलीत पोचवतो. म्हणून आपल्याला घरबसल्या जगातले कोणतेही संकेतस्थळ पाहता येते. परंतु मागचा काही पत्रव्यवहार नसताना बाहेरून अचानक एक पत्र आले, तर ते कोणाला द्यायचे? वहीत नोंद नाही. देवडीवाला ते बाजूला टाकून देतो. यात त्याचे चुकत नाही. अनोळखी माणसाला वाड्यात न सोडणे हेच त्याचे काम आहे.

आता घरातल्या संगणकावरून संकेतस्थळ चालवायचे म्हणजे असली अनोळखी पत्रे आत येऊ दिली पाहिजेत. त्यासाठी देवडीवाल्याला एक कायमची चिठ्ठी द्यावी लागते : "ज्या पत्रावर ८०८० असा शेरा असेल, ते पाचव्या खोलीत नेऊन दे." हा शेरा म्हणजे पोर्ट, आणि ही चिठ्ठी म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. शेऱ्याचा आकडा १६ बिटांत लिहितात, म्हणून तो ६५,५३५ पर्यंतच जाऊ शकतो. संकेतस्थळांसाठी ८० आणि ४४३ हे शेरे जगभर ठरलेले आहेत, पण आपल्या कामासाठी दुसराही चालतो. यापलीकडे पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये काही जादू नाही.

मग पान मामाला का दिसत नव्हते? मामाच्या फोनपासून निमोण्यातल्या संगणकापर्यंतच्या वाटेवर कोठे तरी पत्र अडत होते, म्हणून. कोठे, हे शोधायचे होते.

वहीतली तीन घरे

मी त्याला सांगितले, "आता काहीही बदलायचे नाही. एक वही घे आणि पानावर तीन घरे आख : चाचणी, अपेक्षा आणि निरीक्षण. चाचणी घेण्याआधी अपेक्षा लिहायची. नंतर लिहिली तर ती अपेक्षा राहत नाही."

पहिली चाचणी : त्याच संगणकावर १२७.०.०.१:८०८० हा पत्ता उघडून पाहणे. १२७.०.०.१ म्हणजे प्रत्येक संगणकाने स्वतःला म्हटलेले "मी". हे पान उघडले नाही, तर सर्व्हरचा प्रोग्रामच चालू नाही, आणि राउटरला दोष देण्यात अर्थ नाही. पान उघडले.

दुसरी चाचणी : घरातल्या दुसऱ्या फोनवरून, वायफायवरून, संगणकाचा आतला पत्ता उघडून पाहणे. पहिली चाचणी यशस्वी आणि दुसरी अयशस्वी, असे झाले तर संशय दोघांवरच घ्यायचा : संगणकाची फायरवॉल, किंवा फक्त स्वतःच्याच संगणकाला उत्तर देण्यासाठी मांडलेला सर्व्हर. येथे मुलाला पहिला धागा सापडला. संगणकाचा पत्ता त्याला वाटत होता १९२.१६८.१.५, पण त्या पत्त्यावर पान उघडेना. संगणकालाच त्याचा पत्ता विचारला, तेव्हा तो निघाला १९२.१६८.१.७, आणि त्या पत्त्यावर पान चटकन उघडले. राउटरची चिठ्ठी मात्र अजून पाचव्या खोलीचीच होती! राउटर मूळ स्थितीला नेल्यावर खोल्यांचे वाटप नव्याने झाले होते. घरातल्या उपकरणांना पत्ते राउटरच वाटतो, आणि तो दर वेळी तोच पत्ता देईल असे नाही. यावर उपाय सोपा आहे : त्या संगणकासाठी एक पत्ता राउटरमध्ये राखून ठेवायचा आणि चिठ्ठीवर तोच लिहायचा. त्याने तसे केले.

तिसरी चाचणी : बाहेरून बघणे. येथे पुष्कळजण फसतात. घरातल्याच वायफायवर बसून ते आपला बाहेरचा पत्ता उघडू पाहतात. आपल्याच वाड्यातून निघून, आपल्याच वाड्याच्या पत्त्यावर पत्र टाकून, ते पुन्हा आत यावे, हे काही देवडीवाल्यांना जमते, काहींना जमत नाही. म्हणून ही चाचणी फोनचे वायफाय बंद करून, मोबाइलच्या डेटावरूनच घ्यावी. मुलाने ती घेतली. पान उघडले नाही. बराच वेळ वाट पाहून फोनने कळवले की उत्तर आले नाही.

मित्रहो, हे शब्द नीट वाचण्याची सवय करा. न उघडणाऱ्या पानाचे दोन मुख्य प्रकार असतात. एका प्रकारात नकार ताबडतोब येतो : "जोडणी नाकारली". याचा अर्थ सहसा असा, की पत्र कोणत्या तरी यंत्रापर्यंत पोचले, पण त्या शेऱ्याची पत्रे घेणारे तेथे कोणी नव्हते. दुसऱ्या प्रकारात नुसती शांतता असते आणि मुदत संपते. याचा अर्थ सहसा असा, की वाटेत कोणी तरी पत्र मुकाट्याने टाकून दिले. दाराची कडी वाजवल्यावर "घरी कोणी नाही" असे उत्तर येणे निराळे, आणि काहीच उत्तर न येणे निराळे. निमोण्याची शांतता दुसऱ्या प्रकारची होती.

एकसरीतली दोन बटणे

येथे मुलाचा धीर पुन्हा सुटू लागला. "सर, पत्ता सुधारला तरी उघडत नाही. म्हणजे चूक ती नव्हतीच."

हे वाक्य फार महत्त्वाचे आहे, कारण ते चुकीचे आहे. एका दिव्याच्या मंडलात दोन बटणे एकसरीत जोडली आहेत आणि दोन्ही बंद आहेत, असे समजा. तुम्ही पहिले चालू केले; दिवा लागला नाही. ते चुकीचे म्हणून तुम्ही पुन्हा बंद केले आणि दुसरे चालू केले. तरीही दिवा लागला नाही. मग तुम्ही जाहीर केले, की दोन्ही बटणांचा दिव्याशी काही संबंध नाही! दोन बिघाड एकसरीत असले, की त्यातला कोणताही एक दुरुस्त केल्याने शेवटच्या टोकाला काहीच फरक पडत नाही. म्हणून नुसत्या दिव्याकडे बघत बसू नये. मध्ये मध्ये मोजून पाहावे. सोळा टप्प्यांच्या वाटेवर एकच बिघाड असेल आणि प्रत्येक वेळी उरलेल्या वाटेच्या मधोमध तपासता येत असेल, तर चार चाचण्या पुरतात.

आमच्या प्रयोगशाळेत मीटर ब्रिजचा प्रयोग असतो. शून्यबिंदू शोधण्याआधी सर्पी तारेच्या दोन्ही टोकांना टेकवून पाहायची असते. गॅल्व्हानोमीटरचा काटा एका टोकाला डावीकडे आणि दुसऱ्या टोकाला उजवीकडे गेला, तर जोडणी बरोबर आहे. दोन्हीकडे एकाच बाजूला गेला, तर कोठे तरी जोडणी तुटलेली किंवा चुकलेली आहे, आणि शून्यबिंदू शोधणे व्यर्थ आहे. ही अर्ध्या मिनिटाची चाचणी सारा तास वाचवते. त्याला मी विचारले, "तुझ्या वाटेच्या मधोमध अशी कोणती चाचणी घेता येईल?"

ती चाचणी अशी : राउटरच्या पानावर त्याला स्वतःला मिळालेला बाहेरचा पत्ता लिहिलेला असतो. तो वहीत उतरवायचा. मग बाहेरच्या जगाला आपण कोणत्या पत्त्यावरून आलेले दिसतो, ते सांगणारे एखादे संकेतस्थळ उघडून तो पत्ता उतरवायचा. दोन्ही सारखे हवेत. मुलाच्या वहीत ते सारखे नव्हते. राउटरवरचा पत्ता १०० पासून सुरू होत होता आणि त्याचा दुसरा आकडा ७२ होता. बाहेरून दिसणारा अगदीच निराळा होता.

वाड्याबाहेरची गढी

याचा उलगडा होण्यासाठी थोडा इतिहास पाहू या. इंटरनेटवरचे जुने पत्ते ३२ बिटांचे आहेत. तो नियम १९८१ साली लिहिला गेला. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात. त्या वेळी हा आकडा अफाट वाटला असेल. आज जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे आहे, म्हणजे दोन माणसांत जेमतेम एक पत्ता येतो. आणि एकेका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन उपकरणे असतात. पत्त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागातला शिलकी साठा शेवटच्या गटावर आला आणि तेथे शिधावाटप सुरू झाले. इंटरनेट उशिरा वाढलेल्या देशांच्या वाट्याला पत्ते थोडे आले. भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

मग सेवा देणाऱ्या कंपन्यांनी काय केले? अनेक वाड्यांभोवती एक मोठी गढी बांधली. गढीला एकच बाहेरचा पत्ता. आतल्या सगळ्या वाड्यांना गढीतले क्रमांक. या कामासाठी १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे सुमारे ४२ लाख पत्ते २०१२ साली राखून ठेवण्यात आले. निमोण्याच्या राउटरचा पत्ता याच टापूतला होता. आता ध्यानात आले ना? मुलाच्या देवडीवरची चिठ्ठी बिनचूक होती. पण मामाचे पत्र देवडीपर्यंत येतच नव्हते. ते गढीच्या वेशीवरच टाकून दिले जात होते. आणि वेशीवरच्या रखवालदाराला चिठ्ठी देण्याचा अधिकार मुलाला नाही.

हे पाहून तो मुलगा जे बोलला ते मी विसरणार नाही : "म्हणजे सर, मला जमत होते!"

जमत होते खरेच; निदान अर्धे. एक चूक त्याची होती आणि ती त्याने शोधून सुधारली. दुसरी गोष्ट ही चूकच नव्हती. ती जाळ्याची रचना होती. आठ दिवस तो रचनेचा दोष स्वतःच्या माथी घेत होता. "दोष माझा नाही" असे म्हणण्याचा अधिकार पुराव्याने मिळवावा लागतो, आणि तो त्याच्या वहीत होता.

मग पुढे?

पत्ते तुटपुंजे आहेत हे खरे, म्हणून गढी बांधण्याला मी लबाडी म्हणणार नाही. पण माझी एक तक्रार आहे. जोडणी देतानाच ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे, की या जोडणीतून बाहेर जाता येईल, बाहेरच्यांना आत येता येणार नाही. मुलाने सेवा देणाऱ्यांकडे विचारणा केली, तेव्हा त्याला पहिले उत्तर मिळाले, "राउटर बंद करून पुन्हा चालू करा." दोन्ही पत्ते लिहून त्याने पुन्हा अर्ज केला, तेव्हा कोठे खरी गोष्ट कबूल झाली. स्वतंत्र पत्त्यासाठी दरमहा निराळे शुल्क पडेल, असेही कळले. शेतकऱ्याच्या घरात ते परवडणारे नव्हते.

पण आणखी एक वाट होती. पत्त्यांची टंचाई दूर करण्यासाठी १२८ बिटांचे नवे पत्ते, म्हणजे आयपीव्ही६, केव्हाच ठरलेले आहेत. त्यांचा नियम १९९८ सालचा आहे. ही संख्या लिहायला ३९ आकडे लागतात. एवढे पत्ते असल्यावर गढीही नको आणि खोल्यांचे गुप्त क्रमांकही नकोत. प्रत्येक खोलीला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता. या नव्या पत्त्यांच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. निमोण्याच्या जोडणीवरही ते चालू होते. तेथे पोर्ट फॉरवर्डिंगची गरजच पडली नाही. त्या एका संगणकाच्या एका पोर्टापुरती राउटरच्या फायरवॉलमध्ये परवानगी द्यावी लागली, आणि सर्व्हरला नव्या पत्त्यावरही उत्तर द्यायला सांगावे लागले. त्याने दोन्ही बदल एकेक करून केले, प्रत्येकानंतर चाचणी घेतली, आणि संध्याकाळी मामाच्या फोनवर निमोण्याचा पाऊस दिसला : १८ मिलिमीटर.

सारे काही सुरळीत झाले, असे मात्र समजू नका. ज्या जाळ्यांत अजून नवे पत्ते आलेले नाहीत, तेथून ते पान उघडत नाही. कंपनीने पत्ता बदलला की त्याला नवा पत्ता कळवावा लागतो. वीज गेली की संकेतस्थळही जाते. पण का उघडत नाही आणि केव्हा उघडणार नाही, हे आता तो नेमके सांगू शकतो. माझ्या मते उघडण्यापेक्षा हे मोठे आहे.

दार उघडण्याची जबाबदारी

हे वाचून आज रात्रीच राउटरवर हात चालवायला निघाला असाल, तर थांबा. आधी घरच्यांची परवानगी घ्या आणि जोडणीच्या अटी वाचा. जे दार मित्रांसाठी उघडते ते चोरालाही उघडते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने घराघरांतले कॅमेरे आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले. त्याने फार हुशारी केली नव्हती. कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते, तेच त्याने वापरून पाहिले. म्हणून लागेल तेवढे एकच पोर्ट उघडावे, राउटरचा पासवर्ड बदलावा, राउटरचे स्वतःचे पान बाहेरून कधीही दिसू देऊ नये, त्या संगणकावर खासगी काही ठेवू नये, आणि काम संपले की चिठ्ठी काढून घ्यावी. "फायरवॉल बंद करा" असे सांगणारा सल्ला म्हणजे दाराची कडी लागत नाही म्हणून भिंत पाडण्याचा सल्ला आहे. आणि त्याने दोष कोठे आहे ते कळतही नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? थोड्या पैशांत, कधी फुकटही, दुसऱ्याच्या संगणकावर जागा मिळते. मोठ्या कामासाठी तोच मार्ग बरा, हे मी मान्य करतो. पण जगातले पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांच्या कचेरीतल्या एका संगणकावर चालत होते. कोणी चुकून तो बंद करू नये म्हणून त्यांनी त्यावर लाल शाईने सूचना लिहून चिकटवली होती. संकेतस्थळ म्हणजे ढगात राहणारी वस्तू नव्हे, कोठल्या तरी टेबलावरचे यंत्र आहे, हे ज्याने एकदा स्वतःच्या हाताने अनुभवले, त्याला पुढे कोणीही भुलवू शकत नाही. शिवाय, खेड्यातल्या घरात इंटरनेट आले ते फक्त घेण्यासाठीच का? निमोण्याला जगाला देण्याजोगे काहीच नाही का? गच्चीवरच्या पावसाचा आकडा जगात दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

शिक्षकांना विनंती

आता थोडे शिक्षक मित्रांशी. प्रात्यक्षिकाच्या तासाला काटा हलला नाही, की विद्यार्थी म्हणतो, "सर, जोडणी बघा." आपण जातो, एक पिन घट्ट करतो, काटा हलतो, आणि विद्यार्थी वाचन लिहून घेतो. त्या पाच मिनिटांतले खरे विज्ञान आपण केलेले असते. त्याच्या वाट्याला नुसता आकडा येतो. मीही वर्षानुवर्षे हेच केले. गुण आपण बरोबर उत्तराला देतो, म्हणून मुले शेजाऱ्याचे वाचन उतरवतात. त्याऐवजी सत्रातून एकदा मुद्दाम बिघडवलेले मंडल द्यावे आणि बिघाड कोठे आहे ते चाचण्यांसह लिहायला सांगावे. गुण दुरुस्तीला नव्हे, शोधाच्या नोंदीला द्यावेत. खर्च काहीच नाही. उलट मोडक्या साहित्याचा उपयोग होतो!

हा विचार आपल्याला परका नाही. याच शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करता करता शिकावे या विचारातून. गावातल्या खऱ्या गरजा हाच तेथला अभ्यासक्रम. पुढे २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या साहाय्याने तेथे फॅब लॅबही आली. खऱ्या वस्तू बिघडतात, आणि बिघडतात म्हणूनच त्या शिकवतात. पुस्तकातले मंडल कधी बिघडत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याही घरी काही ना काही बंद पडेलच : पंप, सायकलचा दिवा, नाही तर राउटर. त्या वेळी हात पुढे करण्याआधी वही पुढे करा. तीन घरे आखा. काय चालते, कोठपर्यंत चालते आणि कोठे थांबते, ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि "मला जमत नाही" हे वाक्य लिहायचेच असेल, तर ते शेवटच्या ओळीत लिहा. तेथवर पोचेपर्यंत ते लिहिण्याची गरज बहुधा उरणार नाही.